गरोदरपणातली शुगर: सासरी सापडते, माहेरी हरवते

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला किंवा आसपासच्या एखाद्या वस्तीवर गरोदर बाईच्या कार्डावर ‘शुगर’ असा शेरा पडला, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला कशी काय शुगर? अंगानं किडकिडीत, वय बावीस-तेवीस, पाचव्या महिन्यापर्यंत कापूस वेचायला गेलेली. मधुमेह हा पोट सुटलेल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या शहरी माणसाचा आजार, ही समजूत गावात पक्की आहे. मग एक तर तो शेरा खोटा मानला जातो, नाहीतर ‘चहा फार पिते’, ‘आंबे खाल्ले असतील’ असा दोष बाईच्या माथी येतो.

गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल गेल्या साठ वर्षांत भरपूर संशोधन झालं, आणि त्यातला महत्त्वाचा वाटा पुणे आणि चेन्नईचा आहे. चाचणी स्वस्त आहे. उपचार माहीत आहेत आणि बहुतेकींना ते लागू पडतात. तरीही हा प्रश्न सुटत नाही, कारण मधली साखळी तुटते. बाई सासरहून माहेरी जाते तेव्हा एकदा, आणि बाळंत होऊन सव्वा महिना उलटतो तेव्हा दुसऱ्यांदा.

शरीरात काय घडतं

गर्भ वाढू लागला की वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर कमी करतात. रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी आणि बाळाला पोचावी, अशी ती निसर्गाची सोय असते. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा विरोध वाढत जातो. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करून तो भरून काढतं. जिचं स्वादुपिंड तेवढं पुरं पडत नाही, तिची साखर वाढते. वार पडली की विरोध ओसरतो आणि बहुतेकींची साखर काही दिवसांत खाली येते.

आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन जात नाही. जॉर्गेन पेडरसन या डॅनिश डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेला हा विचार आजही पाया मानला जातो. जास्तीची साखर आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. बाळ मोठं झालं तर प्रसूतीत खांदा अडकतो किंवा सिझर करावं लागतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाच्या अंगातलं इन्सुलिन वाढलेलंच असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणं म्हणूनच गरजेचं ठरतं. आईच्या बाजूनं रक्तदाब वाढणं, गर्भजल जास्त होणं हे धोके असतात, आणि साखर हाताबाहेर राहिली तर बाळ पोटातच दगावण्याची भीती असते.

काही बायकांना मधुमेह गरोदरपणाच्या आधीपासूनच असतो, फक्त कळलेला नसतो. त्यांचा धोका वेगळा आणि मोठा असतो, कारण बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. म्हणून ‘सातव्या महिन्यात बघू’ हे धोरण पुरेसं नाही. पहिली चाचणी नाव नोंदणीच्या वेळीच व्हायला हवी.

किडकिडीत बाईला शुगर का होते

या प्रश्नाचं सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्रातूनच आलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 साली पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांची मोजमापं घेतली आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालू ठेवला. या गावांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते मुख्यतः स्नायू. दिसायला रोड, पण आतून चरबीकडे झुकलेलं असं हे बाळ.

2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखे ठरतात, पण मधुमेहाच्या दृष्टीनं त्यांची शरीरं वेगळी असतात.

त्याच सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हाचे निष्कर्ष आपल्या विषयाला थेट भिडतात. त्यांच्यातल्या 37 टक्के मुलग्यांमध्ये आणि 18 टक्के मुलींमध्ये साखर पेलण्याची शरीराची ताकद कमी झालेली आढळली. आणि या तरुणांपैकी जवळजवळ निम्मे, 48 टक्के, वजनानं कमी होते. ज्यांची साखर बिघडलेली होती त्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच थोडी वर होती, आणि त्यांच्या आयांची साखर गरोदरपणी इतरांपेक्षा जास्त होती. या अठरा टक्क्यांतल्या मुलीचं लग्न होऊन ती गरोदर राहिली, तर गरोदरपणाचा भार तिच्या आधीच अशक्त असलेल्या स्वादुपिंडावर पडतो.

हे फक्त पुण्यापुरतं नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या गटानं तमिळनाडूत बारा हजारांवर गरोदर बायका तपासल्या आणि 2008 साली निष्कर्ष छापले. शहरी भागात 17.8 टक्के, निमशहरी भागात 13.8 टक्के आणि ग्रामीण भागात 9.9 टक्के बायकांना हा मधुमेह होता. म्हणजे खेड्यातही साधारण दहातली एक. मराठवाड्यातल्या बाईला तिचं राहणीमान यातून वाचवेल, असं मानायला आधार नाही. काल-परवा खाल्लेल्या आंब्याला दोष देण्यात तर काहीच अर्थ नाही. या आजाराचं मूळ बरंच मागे, ती स्वतः आईच्या पोटात असतानाच्या दिवसांतही असू शकतं.

रेषा कुठे ओढायची

‘शुगर आहे’ हे ठरवणारा आकडा कोणता, यावर जगभरात एकमत नाही. बॉस्टनमध्ये ओ’सुलिव्हन आणि महान यांनी 1964 साली पहिले निकष दिले. ते पुढे आईला मधुमेह होईल का, या प्रश्नावरून काढलेले होते. बाळाचा विचार त्यात नव्हता. तो विचार नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार बायकांच्या ‘हापो’ अभ्यासानं 2008 साली पुढे आणला. त्यातून दिसलं की साखर जशी वाढते तसा बाळाचा धोका हळूहळू वाढत जातो. अमुक आकड्याच्या खाली सगळं ठीक आणि वर सगळं वाईट, अशी जागाच नाही. तरी कुठेतरी रेषा ओढावीच लागते. 2010 साली आंतरराष्ट्रीय गटानं उपाशीपोटी 92, एका तासानं 180 आणि दोन तासांनी 153 अशा मर्यादा दिल्या. यापैकी एक जरी ओलांडली तरी निदान पक्कं. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्या मर्यादा स्वीकारल्या.

भारतानं वेगळी वाट धरली, आणि त्यामागे शेषय्या होते. बाई सकाळी उपाशीपोटी यावी ही अपेक्षाच आपल्याकडे फसते, असं त्यांचं म्हणणं. वस्तीवरून काळीपिवळीनं किंवा एसटीनं येणारी बाई दहा-अकराला पोचते, आणि ‘उद्या उपाशी ये’ म्हटलं की ती पुन्हा येत नाही. म्हणून खाल्लेलं असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. तमिळनाडूनं 2007 साली सर्व गरोदर बायकांसाठी ही चाचणी सुरू केली. केंद्र सरकारनं 2014 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2018 साली त्या सुधारल्या. शेषय्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. आधी जेवलेल्या बाईच्या शरीरात इन्सुलिन सुरूच असतं, त्यामुळे आकडा कमी येऊन काही बायका सुटू शकतात. जिची फक्त उपाशीपोटीची साखर वर आहे, ती तर या चाचणीत दिसतच नाही. प्रयोगशाळेच्या कसोटीवर हे आक्षेप खरे आहेत. पण उलट बाजूही पाहायला हवी. न्यूझीलंडमध्ये चार हजारांवर बायकांवर झालेल्या आणि 2022 साली छापलेल्या चाचणीत कडक निकष लावूनही मोठ्या बाळांचं प्रमाण घटलं नाही. उपचार मात्र जास्त बायकांना करावे लागले. म्हणजे वाद आहे तो सीमेवरच्या बायकांचा. स्पष्ट वाढलेल्या साखरेवर उपचार करावेत की नाही, हा वाद 2005 सालीच मिटला. ऑस्ट्रेलियात हजार बायकांवर झालेल्या चाचणीत बाळांचे गंभीर प्रसंग उपचारांमुळे चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले होते.

ज्या तालुक्यात बाई पुन्हा येईल याचीच खात्री नाही, तिथे एका फेरीत होणारी थोडी ढोबळ चाचणी ही दोन फेऱ्यांच्या अचूक चाचणीपेक्षा उपयोगाची, असं माझं मत आहे. मात्र ‘तीन महिन्यांची सरासरी’ सांगणारी एचबीएवनसी तपासणी तिची जागा घेऊ शकत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असलं की एचबीएवनसीचा आकडा फसवतो.

तपासणीची सकाळ

कागदावर सोपी वाटणारी चाचणी आरोग्य केंद्राच्या बाकावर अशी होते. ग्लुकोजची पूड 300 मिलिलिटर, म्हणजे साधारण दीड ग्लास पाण्यात विरघळवायची. पाच ते दहा मिनिटांत सगळं पाणी संपवायचं. ते इतकं गोड असतं की तिसऱ्या-चौथ्या घोटाला मळमळ सुरू होते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, त्यानंतर झाली तर चालू ठेवायची. मग दोन तास थांबायचं. सोबत आलेल्या सासूला घरच्या जनावरांची काळजी, नवऱ्याचा फोन, परतीची गाडी. दोन तास पुरे व्हायच्या आत उठून गेलेल्या बाईची नोंद ‘तपासली’ अशी होऊ नये, एवढं तरी नर्सबाईंनी पाहायला हवं. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासणी करतात. तो दिवस यासाठी सर्वांत सोयीचा.

सूचनांनुसार ही चाचणी दोनदा करायची: पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. पहिली बरी आली म्हणून दुसरी टाळणं ही नेहमीची चूक आहे. साखर वाढण्याचे खरे आठवडे नंतरचेच.

ताट, गोळी, सुई

निदान झालं की पहिले दोन आठवडे औषध नसतं, आहार असतो. बहुतेकींची साखर एवढ्यानंच आटोक्यात येते. आहार म्हणजे उपासमार नव्हे. वजन कमी असलेल्या बाईला तर जास्तच खायला हवं, फक्त वाटून: तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं. ज्वारी-बाजरीची भाकर, वरण, मोड आलेली मटकी, मेथी, शेपू, ताक, अंडं हे सगळं गावातलंच आहे. अडचण वेगळी आहे. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो, डाळ आणि भाजी विकत घ्यावी लागते. हातावर पोट असलेल्या घरात ताटातला भात वाढतो आणि वरण पातळ होतं. अंगणवाडीतून मिळणारं मिश्रण गोड असेल तर तेही तपासून द्यायला हवं.

दुसरी अडचण उपासाची. राजूरचा गणपती याच तालुक्यातला, त्यामुळे चतुर्थी या भागात मनापासून पाळली जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर काही न खाता संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली, तर साखर खाली जाऊन मग एकदम वर चढते. रमजानचे रोजेही शुगर असलेल्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं डॉक्टरांना न विचारता धरू नयेत. गरोदर बाईला दोन्ही धर्मांत सवलत आहे. ती घ्यायला घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितलं तर तिला संकोच वाटत नाही.

दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या आत आली नाही, तर औषध सुरू होतं. 2018 च्या सूचनांनी मेटफॉर्मिनच्या गोळीलाही जागा दिली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 2008 साली झालेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी 46 टक्के बायकांना नंतर इन्सुलिनही लागलं होतं. म्हणून सुईची तयारी ठेवावीच लागते. ‘एकदा लागलं की जन्माचं लागतं’ ही भीती इथे गैरलागू आहे. बाळंतपणानंतर बहुतेकींचं इन्सुलिन थांबतं, आणि टोचलेलं इन्सुलिन बाळापर्यंत पोचतही नाही.

चुका होतात त्या साध्या जागी. सरकारी पुरवठ्यातली बाटली बहुधा 40 युनिटची असते. तिच्यासोबत लाल टोपणाची 40 युनिटची सिरिंजच हवी. दुकानातून 100 ची सिरिंज आणली की मात्रा चुकते. फ्रीज नसेल तर बाटली पाणी न लागेल अशा डबीत घालून माठाजवळ, सावलीत ठेवायची. मार्च-एप्रिलच्या मराठवाड्यात पत्र्याखालच्या फडताळात ती खराब होते. पहिली सुई आरोग्य केंद्रात, बाईच्या स्वतःच्या हातानं आणि सासूच्या देखत टोचली गेली, तर घरी ती चुकत नाही.

कार्ड पिशवीत, नोंद वहीत

आता पहिला तुटलेला दुवा. दुसरी चाचणी सहाव्या-सातव्या महिन्यात होते. पहिल्या खेपेची बाई साधारण याच सुमारास किंवा डोहाळजेवण आटोपून माहेरी जाते. सासरच्या आशाताईंनी आहार समजावलेला असतो, पण आता तिच्या ताटात वाढणारी आई वेगळी, गाव वेगळं, उपकेंद्र वेगळं. कधी तालुका, कधी जिल्हाही. आई प्रेमानं ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणून दिवसातून दोनदा शिरा करते. माता-बाल कार्ड पिशवीत असतं, पण विचारल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. बाळंतपण मग माहेरच्या जवळच्या दवाखान्यात होतं. तिथल्या डॉक्टरला शुगर होती हे कळलंच नाही, तर बाळाची साखर कोण तपासणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये हे आणखी बिकट असतं. दिवाळीच्या सुमारास निघालेली गरोदर बाई फडावरच्या कोपीत राहते, आणि तिची तपासणी मुकादमाच्या आणि कारखान्याच्या वेळापत्रकाच्या पुढे जात नाही.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. कार्डावर तिचा सरकारी माता-बाल नोंदणीचा, म्हणजे आरसीएच, क्रमांक असतो, त्यावरून नोंद कुठूनही उघडता येते. सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना एक फोन करणं, कार्डाच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं साखरेचे आकडे लिहिणं, आणि माहेरी निघण्याआधी बाळंतपण कुठे होणार हे ठरवणं एवढ्यानं बराच फरक पडेल. इन्सुलिन चालू असेल तर बाळंतपण उपकेंद्रात नको. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर जालन्याच्या स्त्री रुग्णालयात, जिथे बाळ सांभाळायची सोय आहे, तिथेच जावं. आशाताईंच्या मोबदल्यात या फोनला, या पाठपुराव्याला जागा नाही तोवर तो त्यांच्या भल्या मनावर चालेल, आणि भल्या मनाला दर महिन्याला शंभर इतर कामं असतात.

सव्वा महिना आणि त्यानंतर

दुसरा दुवा जास्त महत्त्वाचा, आणि तिथे जवळजवळ सगळेच गळतात. वार पडली, साखर उतरली, ‘शुगर गेली’ म्हणून पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात या मधुमेहानं फक्त आगाऊ सूचना दिलेली असते. हा मधुमेह होऊन गेलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळजवळ दहापट असतो, असं 2020 साली ‘बीएमजे’मध्ये छापलेल्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. म्हणून सहा आठवड्यांनी उपाशीपोटी आणि 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर अशी चाचणी पुन्हा करायची, आणि पुढे दरवर्षी एकदा साखर पाहायची, असं सूचना सांगतात. स्तनपान चालू ठेवण्यानंही आईचा धोका कमी होतो.

पुढचा मधुमेह टाळणं मात्र सोपं नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या शहरी रुग्णालयांत झालेल्या ‘लिव्हिंग’ अभ्यासात बाळंतपणानंतर बायकांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन पद्धतशीरपणे दिलं गेलं. 2022 साली आलेल्या निष्कर्षांत त्यानं साखर बिघडणं थांबलेलं दिसलं नाही. तान्हं मूल, घरकाम आणि शेतातलं काम सांभाळणाऱ्या बाईला ‘रोज चाला, वजन घटवा’ एवढं सांगून भागत नाही, हाच त्याचा अर्थ. मग निदान तिची साखर वेळेत कळायला तरी हवी. आणि पुण्याच्या गावांनी दाखवल्याप्रमाणे पुढच्या पिढीचं काम तिच्या मुलीच्या ताटापासून, वजनापासून आणि लग्नाच्या वयापासून सुरू व्हायला हवं.

सहा आठवड्यांच्या चाचणीसाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. बाळाला दीड महिन्याची लस ठरलेल्या वेळी टोचली जाते, आणि सव्वा महिना संपवून बाई तेव्हाच घराबाहेर पडू लागलेली असते. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवायचंच असतं. आई न खाता आली, तर त्याच बाकावर आणखी दीड तासात तिची चाचणी पुरी होते. बाळाची लस चुकली तर आशाताई घरी जाऊन विचारतात. आईच्या साखरेसाठीही त्याच वहीत एक रकाना आखला, तर ‘शुगर गेली’ म्हणून सुटलेल्या कितीतरी बायका पुन्हा नजरेखाली येतील.